वर पाहिलं की गरगरतं, मग झाडावरचे पक्षी बघायचे कसे?

मुक्कामी_गाडी (चोपडा)

नमस्कार मंडळी. एसटीत ड्रायव्हर होतो, आता रिटायर. चोपड्याला घर आहे. घर बेताचं, पण मागचं अंगण ऐसपैस. त्यात एक कडुनिंब, एक वाकडा शेवगा, लिंबू, कढीपत्ता आणि बायकोने लावलेली भरिताची वांगी. नोकरीत होतो तोवर या अंगणात मी फक्त झोपा काढल्या. मुक्कामी गाडी घेऊन परत यायचं, निंबाखाली बाज टाकायची आणि तोंडावर टॉवेल ओढायचा. पक्षी म्हणजे झोपेचं खोबरं करणारी जमात, एवढीच तेव्हाची ओळख.

रिटायर झालो आणि दिवस खायला उठला. चौकात बसून राजकारणावर बोलायचा मला कंटाळा. मग अंगणातच खुर्ची टाकली आणि नाद लागला. पहिलं गिऱ्हाईक तांबट. सकाळी टुक टुक टुक सुरू झालं की ऊन तापलं तरी थांबायचं नाव नाही. आवाज येतो, पण पक्षी सापडत नाही. हे बेणं चोच मिटून, गळा फुगवून ओरडतं आणि ओरडता ओरडता मुंडी फिरवतं. म्हणून आवाज कधी डावीकडून वाटतो, कधी उजवीकडून. बसणार नेमकं निंबाच्या शेंड्यावर, वाळक्या काडीवर. चिमणीपेक्षा किंचित मोठा, हिरवागार, गळा पिवळा, कपाळावर आणि छातीवर लाल. शेवग्याच्या वाळलेल्या फांदीला खालच्या अंगाने गोल भोक पाडलंय, जोडी आतबाहेर करत असते. एकदा दिसला की रोज दिसावा असं होतं.

आता दुखणं. होळीच्या सुमारास असाच शेंड्याकडे बघत होतो आणि एकाएकी अख्खं झाड फिरलं. कपडे वाळत घालायची तार हाती लागली म्हणून पडलो नाही. पाऊण मिनिटात थांबलं, पण घाम फुटला, मळमळलं. तेव्हापासून वर पाहिलं की हमखास. फळीवरचा डबा काढायला गेलो तरी तेच. रात्री उजव्या कुशीवर वळलो तर खाट फिरते. सरळ बसलो किंवा चाललो तर काहीच नाही.

डॉक्टरांना दाखवलं. मानेचा एक्सरे झाला. म्हणाले मणके झिजलेत, ड्रायव्हर लोकांचं असंच असतं. गळ्याला पट्टा दिला आणि चक्करची गोळी, दिवसातून तीनदा. गोळीने दिवसभर पेंग येते. पट्ट्याचं तर विचारूच नका. आपल्याकडचा एप्रिल, पारा ४४ वर, आणि गळ्यात फोमचा पट्टा! घामोळ्यांनी मान लाल झाली, चक्कर आहे तिथेच आहे.

बायको म्हणते, पाखरांचा नाद सोडा, चक्कर आपोआप जाईल. नाद सोडून करू काय? टीव्हीवरच्या बातम्या बघितल्या तर धडधाकट माणसाला भोवळ येईल.

तर हे कुणाला झालंय का? आणि मान वर न करता पक्षी बघायची काही सोय असते का? पुतण्याची दुर्बीण आहे घरात, पण ती लावून वर बघितलं की दुप्पट गरगरतं. जाता जाता एक ओळखही हवी होती. काळा पक्षी, चिमणीहून जरा मोठा, कायम जमिनीवर. शेपटी ताठ उभी आणि शेपटीच्या खाली विटकरी रंग. मोरीच्या पाण्यापाशी येतो, माणसाला भीत नाही.


साक्रीचा_नाना

आप्पा, राम राम. हाई काय व्हयनं? चक्करचं जाणकार सांगतील, मी त्यातला नाही. पण मला सांगा, इतकी वर्षं गाडी हाकली, मागचं बघायला कधी मान वळवली का? आरशातच बघितलं ना! मग वरचं बघायलाही आरसाच लावा. टेबलावर आडवा ठेवायचा, आपण खुर्चीत बसायचं, नजर खाली. शेंडा आपोआप आरशात येतो. विहिरीच्या तळाला उजेड पाडायला आपण काठावरून आरसा धरतो, तशातलंच काम आहे. जमलं तर कळवा. नाही जमलं तर कुणी सुचवलं ते बायकोला सांगू नका.


तापीकाठची (भुसावळ)

नाना, युक्ती झकास.

आप्पा, तुमचा काळा पक्षी म्हणजे चिरक, आणि तो नर आहे. उडताना खांद्यावर पांढरा पट्टा चमकतो, तो बघा. मादी मातकट तपकिरी, पण शेपटीखालचा विटकरी रंग तिलाही असतो. भिंतीचं भोक, पत्र्याचा डबा, काहीही चालतं त्यांना घरट्यासाठी. आमच्या शाळेत विजेच्या मीटरच्या जुन्या पेटीत केलं होतं. मुलांना त्या कोपऱ्यात जायची बंदी घालावी लागली आणि ती बंदी मुलांनी आमच्यापेक्षा कडक पाळली.

माझं दुखणं वेगळं, गुडघ्यांचं. खाली बसता येत नाही आणि बसलं तर उठता येत नाही. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उंच स्टूल ठेवलंय. तिथून दिसतं ते सगळं नजरेच्या उंचीला किंवा खाली, आणि खरं सांगू, मला शेंड्यापेक्षा तेच जास्त आवडायला लागलंय. सातभाईंची टोळी येते, पालापाचोळा उलथापालथा करते. एक जण मात्र कुंपणावर बसून पहारा देतो, बाकीचे निवांत खातात. शिक्रा आला की तोच पहिला कलकलाट करतो. दुपारी कामं उरकली की दोघं अंगाला अंग लावून बसतात आणि एकमेकांची मान खाजवून देतात. एक जण डोळे मिटून मान पुढे करतो. आमच्या घरात इतकं कुणी कुणाचं करत नाही.

आणि पाऊस पडला की सरड्याकडे लक्ष ठेवा. गेल्या वर्षी पहिल्या सरीनंतर एक सरडी ओल्या मातीत खड्डा उकरत होती. निम्मी आत, निम्मी बाहेर. अंडी घालून झाल्यावर तिने माती ओढली आणि नाकाने ठोकून ठोकून चोपली. थोडी ओढायची, ठोकायची, पुन्हा ओढायची. संपल्यावर तिथे काही होतं हे कुणाला सांगून पटलं नसतं. माझी पोळी तव्यावर करपली, पण मी हलले नाही.

चक्करबद्दल कुणी माहितगार लिहा.


घरचा_बटवा

हे पित्त आहे. डोक्यात पित्त चढलं की गरगरतं. सुंठ आणि खडीसाखर सकाळी अनशापोटी, वर मोरावळा. चहा बंद. शेव-भाजी बंद. आठ दिवसांत फरक पडेल.


कानामागून_आली (धुळे)

आप्पा, मी धुळ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करायचं नसतं, तेव्हा हे निदान समजू नका. पण तुम्ही जे लिहिलंय, वर बघताना, कूस बदलताना, फळीवरचा डबा काढताना, एका मिनिटाच्या आत बंद, बाकी वेळ ठणठणीत, ते वाचून कानाची तपासणी व्हायला हवी असं वाटलं.

कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळायची यंत्रणा असते. तिथे कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे एका जागी चिकटून बसलेले असतात. वय वाढलं, डोक्याला मार लागला, बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहावं लागलं, किंवा कधी काहीच कारण नसताना ते सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळ्यांत उतरतात. नळ्यांत द्रव असतो. डोकं ठरावीक दिशेला कललं की खडे घरंगळतात, द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते की माणूस फिरतोय. डोळे सांगतात की फिरत नाहीये. या भांडणाचं नाव चक्कर. खडे तळाला बसले की भांडण मिटलं, म्हणून ती इतक्या लवकर थांबते. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात. पन्नाशीनंतर हा त्रास बऱ्याच जणांना होतो, बायकांना जास्त.

मणक्यांचं म्हणाल तर साठीच्या पुढच्या कुणाचाही एक्सरे काढा, झीज दिसणारच. झीज दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच, असं ठरत नाही. आपल्याकडे चक्कर आली की मान धरायची ही सवयच पडलीय, आणि कित्येक लोक वर्षानुवर्षं पट्टा घालून फिरतात.

तपासणी सोपी आहे. पलंगावर बसवून डोकं एका बाजूला वळवतात आणि पटकन आडवं करतात, डोकं कडेच्या जरा खाली. नळीत खडे असतील तर डोळ्यांची बुबुळं ठरावीक पद्धतीने थरथरतात. त्यावरून कोणता कान ते कळतं. ही डिक्स-हॉलपाइक चाचणी १९५२ पासून चालत आलेली आहे. त्यानंतरचा उपाय म्हणजे डोकं क्रमाक्रमाने फिरवून खडे नळीतून परत जागेवर नेणं. अमेरिकेतल्या जॉन एपली नावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला, त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ना मशीन लागतं, ना इंजेक्शन. बऱ्याच जणांना एक-दोन वेळांत आराम पडतो. मात्र पुन्हा कधीतरी उद्भवू शकतं, तेव्हा घाबरून जायचं नाही.

गोळ्या मळमळ आवरायला थोडे दिवस ठीक. खडे जागेवर नेणं त्यांच्या हातात नाही, आणि झोप आणणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर मेंदू तोल सावरायला शिकतच नाही. तरीही मनाने बंद करू नका, विचारून करा. आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून घरच्या घरी डोकं फिरवू नका. आधी कोणता कान ते कळायला हवं, आणि तुमची मान खरोखर झिजलेली असेल तर ते हात सराईत हवेत.

एक महत्त्वाचं, इतर वाचणाऱ्यांसाठीही. चक्करबरोबर जीभ अडखळली, एकाचे दोन दिसले, हातापायातली ताकद गेली, तोंड वाकडं झालं, एकाएकी ऐकू येईनासं झालं, किंवा चक्कर तासन्‌तास थांबलीच नाही, तर पक्षी, कान, पित्त सगळं बाजूला ठेवून सरळ मोठ्या दवाखान्यात. तिथे वेळ घालवायचा नसतो.

नानांचा आरसा चालेल, पण तो जमिनीवर ठेवू नका, टेबलावरच ठेवा. फार खाली वाकलं तरी ही चक्कर येते.

बटवावाले दादा, मोरावळा मलाही आवडतो. त्याने खडे हलत नाहीत.


मुक्कामी_गाडी (चोपडा)

ताई, वाचून बायकोलाही वाचून दाखवलं. बोलणं नीट आहे, ऐकू नीट येतं, हातपाय शाबूत आहेत. जळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतो. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलगी माहेरी येणार आहे, सण झाला की जातो.

नाना, तुमचा आरसा लावला. घरात गाडीचा जुना आरसा पडलेला होता, तो टेबलावर ठेवला. पूर्ण झाड मावलं, घराचा पत्राही मावला, पण तांबट ठिपक्याएवढा. मग लक्षात आलं, गाडीचा बाजूचा आरसा फुगीर असतो. जास्त रस्ता दिसावा म्हणून सगळं लहान करून दाखवतो. ड्रायव्हरला हे पहिल्या दिवशी शिकवतात, आरशात दिसतं त्यापेक्षा ट्रक जवळ असतो. मग न्हाणीघरातला सपाट आरसा काढून आणला. आता बात जमली. दुर्बीण आरशावर रोखली की तांबटाच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडंसुद्धा दिसतं, मान सरळ. कोपर टेबलावर टेकलेलं, त्यामुळे हातही थरथरत नाही. फक्त झाड उलटं दिसतं, शेंडा खाली. ते तर आयुष्यभराचं आहे माझं.

बायको दाढी करताना विचारते, आरसा कुठे गेला. दाढी माझी, काळजी तिला.


रावेर_केळीवाला

आप्पा, तुमचं वर बघितल्यावरचं आहे. माझं उठल्यावरचं होतं. बीपीची गोळी सुरू आहे. मे महिन्यात बागेत पाणी द्यायला बसलो आणि उठलो की डोळ्यांपुढे अंधारी. मी पण आधी चक्करच म्हणत होतो. डॉक्टरांनी आडवं करून बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं, तर वरचा आकडा २० पेक्षा जास्त उतरला. म्हणाले, पाणी कमी पडतंय, आणि गोळीची मात्रा बदलून दिली. आता बाजेवरून उठताना आधी पाय खाली सोडतो, थोडं बसतो, मग उभा राहतो. ज्यांना गरगरत नाही, नुसती अंधारी येते, त्यांनी हे तपासून घ्या. उन्हाळ्यात आपल्या भागात असे पुष्कळ आहेत.

पाखरांच्या पाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मातीचं पसरट भांडं घ्या, सावलीत ठेवा. स्टीलचं ठेवू नका, दुपारी त्यात बोट घालून बघा म्हणजे कळेल. पाणी दोन-तीन बोटं, मध्ये एक खडबडीत दगड, म्हणजे मधमाशा बुडत नाहीत. आणि नुसतं पाणी बदलून भागत नाही, भांडं घासायचं. डेंग्यूचा डास भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात, पुन्हा पाणी लागलं की अळ्या. मागे आमच्या गल्लीत पाखरांसाठी पाणी ठेवणाऱ्यांच्याच घरी ताप निघाला होता. काथ्याने घासा, हप्त्यातून दोनदा तरी.

दाणेही ढिगाने टाकू नका. चिमण्या राहतात बाजूला, कबुतरं जमतात. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासातून गेली तर काहींच्या फुप्फुसाला कायमचा त्रास होतो. दमेकऱ्याने तर लांबच राहावं. शिळी शेव टाकणारेही आहेत आपल्याकडे. मीठ-तिखट पाखरांच्या पोटाला कशाला?


शहाद्याचा_शिंजीर

काका, आरसा भारी! पण काम झालं की पालथा घाला. विणीच्या दिवसांत बुलबुल, दयाळ, शिंजीर आरशात आपलंच रूप बघून दुसरा नर आला समजतात आणि टोचा मारत बसतात. आमच्याकडे एक दयाळ मोटारसायकलच्या आरशाशी रोज सकाळी भांडायचा. शेवटी वडिलांनी आरशाला मोजा घातला. आरसा सूर्याकडेही रोखू नका, दुर्बिणीतून तर अजिबात नाही. डोळा कायमचा जाईल.

तुमच्याकडे लिंबू आणि कढीपत्ता दोन्ही आहेत म्हणजे खुर्चीसमोरच खजिना आहे. कोवळ्या पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका. ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असते, मुद्दाम तसा वेश घेते म्हणजे कुणी खात नाही. मोठी झाली की कात टाकून हिरवी होते. तेव्हा तिला काडीने हळूच हात लावा. डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुंग्या पळतात, माझी बहीणही पळाली होती.


मुक्कामी_गाडी (चोपडा)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. पाऊस झाला, पेरण्या झाल्या, पावश्या ओरडून ओरडून थकला.

जळगावला जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, एक्सरे बघितला आणि बाजूला ठेवला. मला पलंगावर लांब पाय करून बसवलं. म्हणाल्या, काहीही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत, माझ्या नाकाकडे बघायचं. डोकं उजवीकडे वळवलं आणि धाडकन आडवं केलं. दोन-तीन सेकंद काही नाही. मग छत जे सुटलं! लळिंगच्या घाटात ब्रेक फेल झाला असता तरी मी इतका घाबरलो नसतो. पलंगाची कड घट्ट धरली. बाई शांत. म्हणाल्या, छान, उजवाच कान आहे. इकडे जीव जातोय आणि ह्या म्हणतात छान.

छत थांबेपर्यंत तसंच ठेवलं. मग डोकं सावकाश डावीकडे, पुन्हा थांबणं. मग अंगासकट कुशीवर, नाक जमिनीकडे. तिथे परत एक गिरकी आली, पण हलकी. मग पाय खाली सोडून उठवून बसवलं. सगळं मिळून चहा उकळायला लागतो तितकाच वेळ. पुन्हा एकदा तेच केलं, तेव्हा काहीच फिरलं नाही. पट्टा काढायला सांगितला, चक्करच्या गोळ्या बंद केल्या. रक्ताची तपासणी करून ड जीवनसत्त्व कमी निघालं, त्याचं औषध दिलं. पुढच्या आठवड्यात परत बोलावलं होतं, तेव्हा चाचणी कोरी आली.

आता उजव्या कुशीवर झोपतो. दोन-चार दिवस चालताना जरा कापसावरून चालल्यासारखं वाटत होतं, तेही गेलं. शेंड्याकडे बघता येतं, पण मन अजून कच खातं. आधी तार धरतो, मग वर बघतो.

पण खरं लिहायचं होतं ते वेगळंच. तापीकाठच्या ताई, तुम्ही खाली बघायला सांगितलं होतं ना? वांग्याच्या वाफ्यात शिंप्याचं घरटं सापडलंय. मांडीच्या उंचीला! एकाच झाडाची दोन मोठी पानं कडेला कड लावून शिवली आहेत. मी खुर्ची वाफ्यापासून दूर, लिंबाच्या आडोशाला ठेवली आणि दुर्बीण लावून बघत बसलो. मादी कापसाचा पुंजका घेऊन येते. कापूस आमच्याकडे कुठून आला, तर बायकोने उसवून ठेवलेली जुनी गादी ओसरीवर होती, तिथून. चोचीने पानाच्या कडेला बारीक भोक पाडते, कापसाचा धागा त्यातून पलीकडे ढकलते, मग स्वतः पलीकडे जाऊन ओढते. गाठ मारत नाही. बाहेरच्या बाजूला धाग्याचं टोक पिंजून फुगतं आणि तेच भोकात अडकून बसतं. भोकं इतकी बारीक की पान वाळत नाही, हिरवंच राहतं, बाहेरून बघणाऱ्याला घरटं कळतच नाही. एकदा धागा तुटला तर ती पानाच्या देठावर बसून शेपटी उडवत टुविट-टुविट ओरडली. शिव्याच असणार. मला कारखान्यातले आमचे फिटर आठवले.

नर सोबत फिरतो. शेपटीतली मधली दोन पिसं लांब आहेत, त्यावरून ओळखला.

आता अडचण. वांग्यात शेंडे पोखरणारी अळी पडलीय. शेंडे माना टाकतायत. बायकोने वर्षभर भरिताची वाट बघितलीय, तिला उद्या फवारायचं आहे. मी म्हटलं थांब, विचारतो. ती म्हणाली, वांगी काय पाखरांसाठी लावली का? काय सांगू तिला?


तापीकाठची (भुसावळ)

आप्पा, वहिनींना सांगा, शिंपी त्यांचाच गडी आहे. दिवसभर किडे आणि अळ्याच टिपतो, पिलं झाली की तर दुपटीने. फवारलेली अळी पिलाच्या पोटात गेली तर पिलू मरेल आणि अळ्या टिपणाराही जाईल. त्याला शेंड्याच्या आतली अळी मात्र काढता येत नाही, ती वहिनींनाच काढावी लागेल. कोमेजलेला शेंडा अळीच्या जागेच्या खालून खुडायचा, आणि बांधावर टाकायचा नाही, जाळायचा किंवा खोल पुरायचा. भोक पडलेली वांगीही तशीच. रोज सकाळी हेच केलं तर बरीच आटोक्यात येते. निंबोळी अर्क बाकीच्या झाडांवर मारला तरी घरट्याचं झाड आणि त्याच्या शेजारची झाडं सोडा. अंडी घातल्यापासून पिलं उडेपर्यंत चारेक आठवडे लागतात, तेवढी कळ काढा.

आणि घरट्याचं पान वर करून आत बघायचा मोह आवरा. मागोमाग मांजर येतं.


साक्रीचा_नाना

आप्पा, भरीत झालं की कळण्याच्या भाकरीसकट बोलवा. आणि तो आरसा कुठल्या मापाचा घेतला ते सांगा. आमच्या दारच्या उंबरावर हरियल येतात म्हणे, पण माझी मान आता लाकडाची शे.


मुक्कामी_गाडी (चोपडा)

बायको तयार झाली, पण शेंडे खुडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वाकायचं नाही म्हणून लहान स्टूल घेऊन बसतो. घरट्याच्या झाडाला तिने लाल चिंधी बांधलीय, नातवंडं हात लावतील म्हणून. काल स्वतःच दुर्बीण मागत होती.

नाना, न्हाणीघराचा आरसा परत लावावा लागला. काचवाल्याकडून दीड फूट बाय एक फूट सपाट आरसा कापून आणला. कडा घासून घ्या त्याच्याकडूनच, नाहीतर बोट कापतं. मागे प्लायवूड लावा, आणि टेबलाच्या कडेला एक पट्टी ठोका म्हणजे सरकत नाही. दुपारी पालथा घालायचं विसरू नका, आमच्या बुलबुलाने पहिल्याच दिवशी त्यावर शिटून ठेवलं.